एनक्लेक्स : उत्तर येतं, पण ‘आधी कोणाकडे?’ इथे माती खाते

रातपाळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी. सहा वर्षं सांगली जिल्ह्यात सर्जरी आणि मेडिसिन वॉर्ड, आता दोन वर्षं पुण्यात. अमेरिकेच्या आरएन (नोंदणीकृत नर्स) परवान्यासाठी एनक्लेक्स या परीक्षेची तयारी चालू आहे. औषधांचे डोस, नॉर्मल व्हॅल्यू, अँटिडोट (औषधांवरचे उतारे) हे सगळं पाठ आहे. हेपरिनला प्रोटामिन, वॉरफरिनला व्हिटॅमिन के, मॅगसल्फला (मॅग्नेशियम सल्फेट) कॅल्शियम ग्लुकोनेट. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ‘या चौघांपैकी आधी कोणाकडे जाल?’ असा प्रश्न आला की दहापैकी पाच-सहा चुकतातच.

कालचाच नमुना बघा. ड्युटीवर आलात, चार पेशंट :
१) सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), वय ७२, २ लिटर ऑक्सिजनवर, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८९ टक्के.
२) दमा, वय २४. तासाभरापूर्वी छातीत जोरात शिट्ट्या ऐकू येत होत्या, आता येत नाहीत. पेशंट शांत, पेंगुळलेला.
३) खुब्याचं ऑपरेशन होऊन एक दिवस झालाय, दुखणं दहापैकी सहा.
४) मधुमेह, साखर २५०.

मी पहिला निवडला. ८९ दिसलं की हात आपोआप तिकडेच जातो. उत्तर दुसरा. स्पष्टीकरण वाचल्यावर कळतं, पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. गंमत म्हणजे रात्री ४० पेशंट आणि मी एकटी, अशा ड्युट्या केल्यात. तेव्हा आधी कोणाकडे जायचं हे कोणी शिकवलं नव्हतं आणि चुकतही नव्हतं. मग स्क्रीनवर का चुकतं?

चिमण
आयटीवाला आहे, नर्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण मीपण ८९ वालाच निवडला. शिट्ट्या थांबल्या म्हणजे बरा झाला ना तो? शांत झोपलाय बिचारा.

भूलवाला
चिमणराव, तुमच्यासारख्या ‘बिचारा झोपलाय’वाल्यांमुळेच आम्हाला मध्यरात्री धावावं लागतं. :)

शिट्टी वाजायला हवा आत-बाहेर व्हावी लागते. नळ्या इतक्या आवळल्या की हवाच जात नाही, मग वाजणार काय? त्याला सायलेंट चेस्ट म्हणतात. दम्याच्या अटॅकमध्ये पेशंट सुरुवातीला धापा टाकतो, म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी असतो. तो ‘नॉर्मल’ला आला तर नवशिका डॉक्टर खूश होतो आणि जुना डॉक्टर श्वासनलिकेत ट्यूब टाकायची तयारी करतो. कारण पेशंट थकत चाललाय. पेंगणं हा त्याचाच पुढचा टप्पा.

आणि ८९ चं म्हणाल तर बहुतेक सीओपीडीवाल्यांना आपण मुद्दामच ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतो. त्या काकांचा तो रोजचा आकडा असू शकतो.

डॅलसकरीण
रातपाळी, आधी स्वागत. मी अकरा वर्षं इकडे आहे, सध्या हृदयरोगाच्या स्टेप-डाऊन युनिटला. मी परीक्षा दिली तेव्हा जुना पॅटर्न होता. १ एप्रिल २०२३ पासून नवीन आला, पण ‘आधी कोणाकडे’ची गोम तीच आहे.

भूलवाल्यांच्या शेवटच्या वाक्यात तुझं उत्तर आहे. ८९ हा आकडा वाईट आहे का, असं विचारायचंच नाही. या माणसाला, या आजारात हे अपेक्षित आहे का, असं विचारायचं. सीओपीडीला ८९ अपेक्षित. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुखणं अपेक्षित. मधुमेह्याची साखर २५०, बरी नाही, पण तासाभरात जीव जात नाही. दमेकऱ्याच्या शिट्ट्या अशा एकाएकी गायब होणं आणि त्यात पेंग येणं हे अपेक्षित नाही. चौघांत बदललेला एकच आहे.

बदल शोध. ‘अचानक’, ‘नव्याने’, ‘आता’, ‘तासाभरापूर्वी… आता…’ असे शब्द प्रश्नात उगाच नसतात. तिथे पेन्सिल टेकव (स्क्रीनवर टेकवता येत नाही, मनात टेकव).

वॉर्डात का चुकत नव्हतं, याबद्दल माझा अंदाज सांगते. वॉर्डात तू दारातून आत शिरतानाच चाळीस तोंडं बघतेस. कोण उठून बसलंय, कोणाचा रंग उडालाय, कोणाचे नातेवाईक उभे आहेत. डोळा काम करतो. इथे तोंडच नाही, नुसते शब्द. डोळ्याने करायचं ते आता वाचून करायचंय.

गावगप्पा
सगळं ठीक आहे, पण एक विचारू? इथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर मिळत नाहीत आणि तुम्ही सगळ्या तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालात. आमच्या तालुक्याला काय मारुतीच्या भरवशावर सोडणार?

रातपाळी
दादा, प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते तिथे भांडायला. कंत्राटी पगाराच्या स्लिपा घेऊन येते. इथे नको.

ब्रदर_लातूर
ताई, मी २०२४ ला पास झालो, नवीन पॅटर्नमध्ये, मुंबईच्या सेंटरला. बाहेरून परीक्षेची रचना सांगतो म्हणजे डोक्यातलं भूत उतरेल.

कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. त्यातले १५ प्रश्न त्यांच्या चाचणीचे, ते मोजत नाहीत, पण कोणते ते कळत नाही. कॉम्प्युटर तुमचं उत्तर बघून पुढचा प्रश्न अवघड की सोपा ते ठरवतो. त्यामुळे हुशार माणसालासुद्धा निम्मे प्रश्न चुकल्यासारखेच वाटतात. तुम्ही पासाच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची मशीनला ९५ टक्के खात्री झाली की ती थांबते. म्हणून ‘८५ ला बंद झालं म्हणजे पास’ हे खोटं. ८५ ला नापासही होतात. मी ११३ पर्यंत गेलो, घशाला कोरड पडली होती. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, ही आणखी एक तऱ्हा.

केस स्टडी किमान तीन येतात, एकेकीत सहा प्रश्न. डाव्या बाजूला पेशंटचा चार्ट : नर्सेस नोट्स, व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास वगैरे), लॅब, ऑर्डर्स. उजवीकडे प्रश्न. सहा प्रश्न म्हणजे सहा पायऱ्या आहेत. काय खटकलं, त्याचा अर्थ काय, त्यातलं सगळ्यात घातक काय, काय काय करता येईल, आत्ता काय करणार, आणि केल्यावर फरक पडला का. पहिल्या प्रश्नात कधी कधी तर चक्क नोट्समधली वाक्यं माउसने रंगवायला लावतात, कोणती खटकली ती.

आणि एक. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ यात आता जेवढं बरोबर तेवढे गुण मिळतात, पण चुकीचं निवडलं तर गुण कापले जातात. आपल्याकडे मराठी माणूस जेवायला बसला की सगळंच वाढून घेतो, तसं तिथे करू नका.

चिमण
शेवटच्या वाक्यासाठी दंडवत. आणि मशीनवाला भाग आमच्या धंद्यातला निघाला, मस्त समजावलंत.

रातपाळी
ब्रदर, सहा पायऱ्या तुम्ही मराठीत सांगितल्यात तशा कोणत्याच क्लासमध्ये ऐकल्या नव्हत्या. ‘काय खटकलं’ हा शब्द डोक्यात बसला.

त्यावरून एक जुनी गोष्ट आठवली, ती टाकते. कोणाला सांगितली नव्हती.

चार-पाच वर्षांपूर्वीची सर्जरी वॉर्डातली रात्र. साठीचे काका, दुपारी पोटाचं ऑपरेशन झालेलं. रात्री अकराला नाडी ८४, बीपी १२८/७६. एकला नाडी ९८, बीपी ११८/८०. तीनला नाडी ११६, बीपी १०६/८४. ड्रेसिंग कोरडं. पण काका सारखे पाणी मागत होते, चादर ओढायचे, पुन्हा झटकायचे. कपाळाला हात लावला तर गार घाम. युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) एकपासून तीनपर्यंत जेमतेम ३० मिली भर पडलेली.

मी फोन केला. म्हटलं, “सर, बारा नंबरचे काका जरा बरे वाटत नाहीयेत.” पलीकडून, “बीपी किती?” म्हटलं, “१०६.” “मग चांगलं आहे की. सलाईन चालू ठेवा.”

मी सलाईन चालू ठेवलं आणि नोट्समध्ये लिहिलं, ‘डॉक्टरांना कळवले. ऑर्डरप्रमाणे केले.’ पाचला बीपी ८४. मग धावपळ, ओटी, रक्ताच्या बाटल्या. आतली एक गाठ सैल झाली होती. काका वाचले, दहा-बारा दिवसांनी घरी गेले, जाताना पेढे देऊन गेले. तो पेढा मला गिळवेना.

मला तीनलाच कळलं होतं. पण काय कळलं होतं ते सांगता आलं नाही.

भूलवाला
फोन घेणारा मीही असू शकलो असतो. असेनही कधीतरी, आठवत नाही, आणि आठवत नाही हेच वाईट.

तुमच्या आकड्यांत सगळं लिहिलेलं आहे. रक्त कमी व्हायला लागलं की शरीर आधी नाडी वाढवतं आणि बाहेरच्या रक्तवाहिन्या आवळतं. हातपाय गार पडतात, घाम येतो, मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं म्हणून लघवी आटते. एवढं सगळं करून ते बीपी धरून ठेवतं. म्हणजे बीपी पडतं तेव्हा शरीर आधीच हरलेलं असतं. बीपीचे दोन आकडे वजा करून बघा : अकराला ५२, एकला ३८, तीनला २२. वरचा खाली येतोय, खालचा वर चढतोय, कारण वाहिन्या आवळल्यात. आणि तीनला नाडी वरच्या बीपीच्याही पुढे गेली, ११६ आणि १०६. सुटासुटा बघितला तर एकही आकडा किंचाळत नाही. तिन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या की किंचाळतात.

मी फोनवर ‘बीपी किती’ विचारलं तर तुम्ही एक आकडा सांगणार. चूक माझ्या प्रश्नात आहे. पण रात्री तीन वाजता झोपेतल्या माणसाकडून चांगला प्रश्न येईल या भरवशावर राहू नका.

डॅलसकरीण
डॉक्टर, हे कबूल करणारे कमीच. मानलं.

रातपाळी, आता तोच फोन परत करू. इकडे एसबीएआर शिकवतात. मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आलेली पद्धत आहे, पुढे दवाखान्यांनी उचलली. परिस्थिती, पार्श्वभूमी, मला काय वाटतं, मला काय हवंय. मराठीत असा होईल :

“सर, सर्जरी वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बारा नंबरच्या काकांना आतून रक्तस्राव होत असावा असं मला वाटतंय. आज दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय. अकराला नाडी ८४, बीपी १२८/७६ होतं, आता नाडी ११६, बीपी १०६/८४. दोन तासांत लघवी ३० मिली. कपाळाला गार घाम, सारखं पाणी मागतायत. ड्रेसिंग कोरडं आहे. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोवर दुसरी मोठी लाईन टाकून क्रॉसमॅचचं ब्लड काढून ठेवू का?”

मोजून बघ, पाऊण मिनिटही लागत नाही. आणि ब्रदरांच्या सहा पायऱ्यांपैकी पाच यात आहेत. खटकलं : नाडी, लघवी, घाम, तहान. अर्थ : रक्ताभिसरण कमी पडतंय. सगळ्यात घातक काय : आतला रक्तस्राव. काय करता येईल आणि आत्ता काय : लाईन, ब्लड, बोलावणं. सहावी पायरी, दहा मिनिटांनी पुन्हा नाडी बघणं.

तुझ्याकडे पाचही होत्या. ‘जरा बरे वाटत नाहीयेत’ या चार शब्दांत तू त्या गुंडाळून टाकल्यास. आपल्याकडच्या नोट्सही तशाच. ‘जनरल कंडिशन फेअर. ऑर्डर्स कॅरीड आउट.’ मी स्वतः मुंबईत तीन वर्षं हेच लिहिलंय. सिस्टरने निष्कर्ष काढायचा असतो आणि तो लिहायचा असतो, हे मला इकडे येऊन कळलं. पहिल्या महिन्यात माझी प्रीसेप्टर (नवीन सिस्टरला कामावर शिकवणारी सीनियर) सारखी विचारायची, “तुला काय वाटतं?” मला वाटायचं ही मला अडकवायला बघतेय.

लेबररूमवाली
हा धागा वाचताना चहा गार झाला. रत्नागिरीकडची आहे, बावीस वर्षं लेबर रूम. एनक्लेक्स वगैरे आता या वयात नाही, पण ‘निष्कर्ष लिहायचा’ हे वाचून राहवलं नाही.

बाळंतपणात बीपी वाढून झटके येतात, अशा झटक्याच्या बाईला आम्ही मॅगसल्फ देतो. इकडे प्रिचर्ड पद्धत : ४ ग्रॅम शिरेतून हळू, आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम आलटून पालटून. पुढचा डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. गुडघ्याची उडी (हातोडी मारल्यावर पाय उडणं) आहे का, श्वास मिनिटाला १२ च्या वर आहे का, लघवी तासाला ३० मिली तरी होते का. एक जरी नसेल तर डोस थांबवायचा आणि सांगायचं. आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास जातो. कॅल्शियम ग्लुकोनेट भरून ट्रेमध्ये. ऑर्डरवर ‘५ ग्रॅम द्या’ एवढंच लिहिलेलं असतं. न देणं हे सिस्टरचं डोकं. नव्या मुलींना मी हातात हातोडी देऊन उडी बघायला लावते, नुसती टिकमार्क चालत नाही.

दुसरं, प्रसूतीनंतरचं पोट. हात ठेवला आणि गर्भाशय सैल कणकेसारखं लागलं तर आधी चोळायचं, ते चेंडूसारखं घट्ट होईपर्यंत. पण घट्ट आहे, नाभीच्या वर आहे आणि उजवीकडे सरकलंय, तर चोळत बसू नका. मूत्राशय भरलंय. बाईला लघवीला न्या किंवा कॅथेटर टाका, खाली येतं. हाताखाली एकदा दोन्ही लागले की जन्मात विसरत नाही. तुमच्या परीक्षेत हात लावता येत नाही हे खरंच अवघड.

ब्रदर_लातूर
मावशी (रागावू नका, माझी मावशीच लेबर रूमला होती), हे दोन्ही एनक्लेक्सचे लाडके प्रश्न आहेत. फक्त तिकडे मॅगसल्फ पंपावर शिरेतून चालू असतं. उडी, श्वास, लघवी तीच.

रातपाळी
आता माझा दुसरा घोळ. ‘आधी तपासा’ की ‘आधी करा’? क्लासमध्ये सांगितलं, नर्सिंग प्रोसेसमध्ये असेसमेंट पहिलं, म्हणून तपासणीचा पर्याय दिसला की डोळे झाकून तो निवडा. आणि ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय कायम चूक असतो म्हणे, कारण तो जबाबदारी ढकलणं झालं. दोन्ही नियम पाळून मी नियमित चुकते.

डॅलसकरीण
असे नियम विकणाऱ्या क्लासचे पैसे परत माग.

तपासायचं तेव्हा, जेव्हा प्रश्नात माहिती अपुरी आहे. ‘पेशंट म्हणतो छातीत दुखतंय’ एवढंच दिलंय, तर बघ आधी. पण रक्त चढवताना दहाव्या मिनिटाला पेशंटला थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, ताप चढला असं दिलं असेल तर तपासणी प्रश्नानेच केलेली आहे. आधी रक्त बंद. मग नवीन सेट लावून सलाईनने लाईन चालू ठेव, मग व्हायटल्स, मग फोन. व्हायटल्स घेत बसलीस तर तेवढा वेळ ते रक्त आत जातंय.

‘कळवा’चंही तसंच. हातात करण्यासारखं काही आहे का? असेल तर ते आधी. दमेकऱ्याला उठवून न बसवता, ऑक्सिजन न लावता फोनकडे धावणं चूक. पण करण्यासारखं सगळं केलंय, किंवा जे करायचं त्याला ऑर्डरच लागते, तर कळवणं हेच उत्तर.

ब्रदर_लातूर
यावर एक देतो. सोडवा. मधुमेहाचा पेशंट, डीकेए (इन्शुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठणं), साखर ४८०, श्वास खोल आणि भराभर. सलाईन चालू आहे. ऑर्डर : इन्शुलिनचं ड्रिप सुरू करा. आत्ता रिपोर्ट आला, पोटॅशियम ३.१. काय कराल? अ) ड्रिप सुरू. आ) साखर पुन्हा तपासा. इ) ड्रिप थांबवून डॉक्टरांना पोटॅशियम कळवा. ई) पेशंटला पाणी द्या.

चिमण
ई. पाणी कोणाचं वाईट करत नाही.

रातपाळी
क्लासच्या नियमाने ‘आ’, कारण तपासणी. पण ‘इ’ म्हणते. इन्शुलिन साखरेसोबत पोटॅशियमलाही पेशीत ढकलतं. ३.१ आधीच कमी आहे, ड्रिप लावलं की आणखी पडेल आणि हृदयाचा ठोका बिघडेल. साखर ४८० आहे हे माहीतच आहे, पुन्हा बघून काय मिळणार? आणि पोटॅशियम द्यायला ऑर्डर लागते, म्हणून कळवणं बरोबर.

ब्रदर_लातूर
शंभर टक्के. आणि बघा, तुम्ही फक्त ‘इ’ म्हणून थांबला नाहीत, कारण लिहिलंत. रोज २० प्रश्न सोडवा, पण प्रत्येकाखाली दोन ओळी अशाच लिहा, स्पष्टीकरण उघडायच्या आधी. मी रोज १०० सोडवायचो तेव्हा गुण हलत नव्हते. वही घातली आणि तीन आठवड्यांत फरक पडला. वहीत चुकांची कारणंही लिहायचो : माहिती नव्हती / माहिती होती, शब्द सुटला / दोन पर्यायांत घाबरलो. माझ्या निम्म्याहून जास्त चुका ‘शब्द सुटला’ या खान्यातल्या निघाल्या.

गावगप्पा
मघाशी जरा तिरकं बोललो. बारा नंबरचे काका वाचून आमचे वडील आठवले. त्यांच्या वेळी एका सिस्टरनी फोनवर डॉक्टरांशी भांडण केलं होतं. नाव पण विचारलं नाही तिचं. असो. लिहीत राहा.

डॅलसकरीण
कामं वाटून देण्याचे प्रश्न कसे जातायत? तिथे आपली मंडळी हमखास फसतात.

रातपाळी
फसतेच. परवा ‘स्ट्रोकच्या पेशंटला पहिलं जेवण भरवणं’ हे काम मी असिस्टंटला दिलं. आपल्याकडे मावशीच भरवतात हो, नाहीतर नातेवाईक.

डॅलसकरीण
तेच. आपल्याकडे अर्धा वॉर्ड नातेवाईक चालवतात. परीक्षेतल्या हॉस्पिटलात नातेवाईक नाहीत, माणसांची टंचाई नाही, स्टोअर कधी बंद नसतं, एका वेळी तुझ्यासमोर एकच प्रश्न. त्या स्वप्नातल्या वॉर्डात उभी राहून उत्तर दे.

असिस्टंटला स्थिर पेशंटचं अंघोळ, चालवणं, व्हायटल्स, इनपुट-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली याची नोंद). स्ट्रोकवाल्याला गिळता येतंय का हे ठरलेलं नसताना पहिला घास म्हणजे तपासणी आहे, ती आरएनची. तपासणं, शिकवणं, परिणाम बघणं या तीन गोष्टी आरएन कोणाला देत नाही. एलपीएनला (आरएनच्या खालची परवानाधारक नर्स) स्थिर, अंदाज बांधता येईल असा पेशंट. आत्ताच भरती झालेला किंवा आत्ताच बिघडलेला नाही.

भूलवाला
अवांतर : फी वगैरेचं कोणीतरी लिहा, आमच्या ओटीतल्या दोघी विचारत होत्या.

ब्रदर_लातूर
परीक्षेची फी २०० डॉलर, भारतातून देताना वरचे १५० डॉलर. त्याआधी कागदपत्रांची पडताळणी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून व्हेरिफिकेशन, मग ज्या राज्यात अर्ज केला त्या बोर्डाकडून परीक्षेची परवानगी, तो खर्च वेगळा, आणि राज्यागणिक नियम वेगळे. कौन्सिलच्या कागदांना वेळ धरा, अभ्यास सुरू करायच्या दिवशीच अर्ज टाका. नापास झालात तर ४५ दिवसांनी परत देता येते. ‘गॅरंटीने पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

लेबररूमवाली
आता मी प्रश्न घालते, तुमच्या स्टाईलचा. प्रसूतीपश्चात वॉर्ड, चार बायका :
अ) बारा तासांपूर्वी प्रसूती, गर्भाशय घट्ट, मधोमध, नाभीपाशी. तीन तासांत एक पॅड.
आ) सिझेरियनचा दुसरा दिवस. दुखणं सात, इंजेक्शन मागतेय, सासूबाई काउंटरवर येऊन ओरडतायत.
इ) बीपी वाढलं म्हणून काल कळा आणून बाळंत केलेली. आज बीपी १५०/१००. डोकं दुखतंय म्हणते, डोळ्यांसमोर काजवे चमकतात म्हणून दिवा बंद करून निजलीय.
ई) पहाटे बाळंत झालेली. पहिल्यांदा उठून उभी राहिली तेव्हा एकदम रक्ताचा लोंढा आला, फरशी लाल. आता पुन्हा पडून आहे, स्राव कमी, गर्भाशय घट्ट आणि मधोमध.

आधी कोणाकडे?

चिमण
ई!! फरशी लाल म्हटल्यावर माझेच पाय थरथरले.

गावगप्पा
सासूबाईंकडे. नाहीतर वॉर्ड चालू देणार नाहीत.

भूलवाला
मी गप्प बसतो. रातपाळीबाईंना सोडवू दे.

रातपाळी
ड्युटीला निघताना वाचलं, रिक्षातून लिहितेय.

ई ने मलाही ओढलं. पण आडवं पडल्यावर योनीत साठलेलं रक्त उभं राहिल्यावर एकदम बाहेर येतं, ते अपेक्षित. आता स्राव कमी आहे, गर्भाशय घट्ट मधोमध आहे. तिच्याकडे दुसरी जाईन, नाडी बघेन, उठताना एकटी उठू नको सांगेन. अ नॉर्मल. आ ला दुखतंय, इंजेक्शन मिळेल, सासूबाई थांबतील.

आधी इ. चौघींत ती एकटीच शांत निजलीय आणि तिने दिवा बंद केलाय. बीपीच्या बाईला प्रसूतीनंतरही झटका येतो, पहिल्या ४८ तासांत जास्त धोका. नवीन डोकेदुखी, काजवे. तिच्यापाशी उभी राहणार, पुन्हा बीपी घेणार, गुडघ्याची उडी बघणार. कडेचे कठडे वर, सक्शन आणि ऑक्सिजन हाताशी, मावशींना मॅगसल्फचा ट्रे आणायला पाठवणार. आणि फोनवर पहिलं वाक्य, “सर, हिला झटका येईल असं मला वाटतंय, आत्ता या.”

आलं हॉस्पिटल. ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घ्यायला जाते.

लेबररूमवाली
ट्रेमध्ये कॅल्शियम पण ठेव गं.